नैवेद्य पोचतो, पण प्रसाद पोचतो का?

वारकरी सज्जनहो, मनात राग धुमसत असताना केलेल्या स्वयंपाकाचा नैवेद्य देवाला पोचतो का, अशी एक शंका आपल्या घरांतून वरचेवर निघते. विचारणाऱ्या बहुधा नव्याने संसाराला लागलेल्या मुली असतात. माहेरी माळ, सासरीही माळ. नैवेद्य दाखविल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही, हा दोन्हीकडचा नेम. परंतु ओट्याशी उभे राहिले की मन स्थिर राहत नाही. कुणाचा तरी शब्द लागलेला असतो, कामाची घाई असते, रात्रीची झोप पुरी झालेली नसते. हात पोळ्या लाटीत असतात आणि मन भांडत असते. मग त्याच पोळ्यांवर तुळशीचे पान ठेवून पांडुरंगापुढे ताट मांडायचे, हे ढोंग तर नव्हे? अशी बोचणी त्या लेकरांना लागते. शंका प्रामाणिक आहे, म्हणून तिचे उत्तरही प्रामाणिकपणे शोधले पाहिजे.

यावर ठरलेले उत्तर असे, की बाई, मुखाने नाम घ्यावे आणि हाताने काम करावे, म्हणजे राग आपोआप निवतो. हे उत्तर खोटे नाही. नामाचा महिमा आम्ही काय सांगावा! परंतु या उत्तराने सगळा भार रांधणारीच्या डोक्यावर जातो. राग तिचा, दोष तिचा आणि नाम घेऊन तो धुवायचा तोही तिनेच. जेवणारा मात्र पाटावर हात धुऊन मोकळा! राग आला कुठून, हे कोणी विचारायचे की नाही?

एक जोडपे डोळ्यांसमोर आणा. लग्नाला वर्ष झालेले, पिंपरी-चिंचवडसारख्या ठिकाणी दोन खोल्यांत बिऱ्हाड केलेले. दोघेही नोकरीला जाणारे, दोघांच्याही गळ्यात माळ. मुलगा पहाटे उठतो, स्नान करतो, गंध-बुक्का लावून देवापुढे बसतो, हरिपाठ म्हणतो. गुणी मुलगा, यात शंका नाही. मुलगीही पहाटेच उठते. तिचे स्नान होते न होते तोच एका शेगडीवर कुकर, दुसऱ्या शेगडीवर तवा. दोघांचे डबे भरायचे, देवाचा नैवेद्य काढायचा, आणि मग बसला पळायचे. हरिपाठ तिलाही म्हणायचा असतो. पण पहिल्या अभंगाला शिटी आणि दुसऱ्याला दूध उतू! संध्याकाळी दोघे सारखेच दमून येतात. तो पंख्याखाली टेकतो, ती पदर खोचते. आणि रात्री ताटावर बसल्यावर तो म्हणतो, “आज आमटी अळणी झालीय गं. आमच्या आईच्या हातची आमटी काही औरच.”

एवढेच वाक्य. शिवी नाही, मारहाण नाही. त्याला वाटते, आपण साधे बोललो. पण दुसऱ्या दिवशीच्या आमटीत तिखटाबरोबर ते वाक्यही पडते.

हे काही एका घरचे रडगाणे नव्हे. केंद्र सरकारने २०१९ साली देशभर पाहणी केली, तेव्हा घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्या कामात जातात, असे आढळले. पुरुषांची ९७ मिनिटे. आणि घरकामाला हात लावणारे पुरुषच मुळात शंभरात सव्वीस! हा सगळ्या देशाचा हिशेब आहे, माळकऱ्यांचा निराळा काढलेला नाही. पण माळ घातली म्हणून आपल्या घरचा आकडा फार वेगळा निघेल, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

आता त्या अळणी आमटीचीच गोष्ट घ्या. वारकऱ्याच्या घरी नैवेद्याचे अन्न चाखून पाहत नाहीत, ते उष्टे होते. म्हणजे मीठ घालायचे ते चिमटीच्या अंदाजाने आणि देवाच्या भरवशावर. ज्या घरी चाखून रांधतात, तिथल्या बाईला मीठ कमी पडले तर ते लगेच कळते. आपल्या घरच्या बाईला ते जेवणाराच्या तोंडून कळते! तिची चूक व्हायला वाव आहे तो नेमामुळे आहे, निष्काळजीपणामुळे नाही. मग मिठावरून जो कपाळाला आठी घालतो, तो खरे पाहता आपल्याच घरच्या नेमाला नावे ठेवतो. आणि गंमत पाहा, त्या आमटीची पहिली चव पांडुरंगाने घेतलेली असते. अळणी असो, खारट असो, त्याने आजवर कधी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. देवाने गोड मानून घेतले ते आपल्या जिभेला चालत नाही, तर आपली जीभ देवाहून थोर झाली म्हणायची!

रागावलेल्या माणसाशी आपला देव कसा वागतो, हे संतचरित्रांत पाहावे म्हणजे शंकेचा उलगडा होतो. तुकोबाराय भंडाऱ्याच्या डोंगरावर भजनात रमलेले असत, आणि जिजाई भाकरी घेऊन डोंगर चढत. घरची अवस्था आठवा. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली. घरचा व्यापार बसला. अशा घरात भाकरी थापायची, आणि धनी जेवल्याशिवाय आपण जेवायचे नाही म्हणून ती डोंगरावर न्यायची. जिजाईंच्या तोंडी विठोबासाठी बरे शब्द नसत, हे आपण कीर्तनात हसत हसत ऐकतो. त्या रागावल्या होत्याच. ती भाकरी रागानेच थापलेली आणि रागानेच नेलेली. अशा एका दिवशी त्यांच्या पायात काटा मोडला. कळ मस्तकात गेली. आणि कथा सांगते, की जिला आपला वीट आलेला, तिच्याच पायाशी देव बसला आणि त्याने काटा काढला.

आमच्या मते या शंकेचे उत्तर याच कथेत आहे. देवाने राग पाहिला नाही, काटा पाहिला. तो असे म्हणाला नाही, की आधी मला दिलेल्या शिव्या मागे घे, नाम घे, मन शांत कर, मग तुझ्या पायाकडे पाहू. काटा रुतलेल्या माणसाला शांत राहा म्हणून सांगण्यात काय हशील? काटा निघाला की ते माणूस आपणच शांत होते. स्वयंपाकघरातल्या रागाच्या मुळाशीही बहुधा काटाच असतो. तो कधी शब्दाचा असतो, कधी एकटेपणाचा, कधी आपल्या श्रमाला कोणी मोजीत नाही याचा. आणि घरच्या धन्याने वाकून तो पाहावा, यात कमीपणा कसला? साक्षात पंढरीचा राणा वाकला. अहो, तो पंढरीत आला तोही रुसून दिंडीरवनात गेलेल्या रखुमाईच्या शोधात, असे आपल्याकडे सांगतात. रुसवा काढायला चालत जाणाऱ्या देवाचे आपण भक्त, आणि आपण ओट्यापर्यंत चालत जायला तयार नाही!

यावर कोणी म्हणेल, स्वयंपाक हा बायकांचा धर्म. पुरुषाने चुलीत लक्ष घालू नये. हे म्हणणाऱ्याने जरा सप्ताहातला मंडप आठवावा. काल्याच्या दिवशी आमटीच्या मोठमोठ्या कढया कोण ढवळतात? गावचे पुरुषच की! सदरा काढून, कमरेला पंचा बांधून, धुराने डोळे लाल होईतो उभे असतात. घरोघरच्या भाकरी गोळा करतात. पंगतीत बादली घेऊन धावतात, वाकून वाढतात, “माउली, घ्या अजून थोडं,” असा आग्रह करतात, आणि शेवटी खरकटे उचलतात. या सगळ्याला आपण काय म्हणतो? सेवा म्हणतो. मोठ्या भाग्याची सेवा. वारीच्या वाटेवरही दिंडीच्या तळावर कोण पाणी आणतो, कोण भाजी चिरतो, आणि घरी कधी पेला न विसळणारा माणूस तिथे पातेली घासायला बसतो. मग तोच गृहस्थ आषाढी करून घरी परतला, की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर त्याची सेवा कशी अडते? शंभर अनोळखी माउलींना वाढणे हे पुण्य, आणि घरच्या एका माउलीला वाढणे हा कमीपणा, हे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? बाहेरच्या सेवेला लोकांचे डोळे असतात, घरच्या सेवेला नसतात, एवढाच फरक. आणि लोकांचे डोळे नाहीत म्हणून जी सेवा सुटते, ती सेवा होती की मिरवणूक होती, हे ज्याचे त्याने तपासावे.

संतांच्या घरी हा भेद टिकलेला दिसत नाही. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईंजवळ देव जात्याला हात लावून बसला. गोपाळपुरात जनाबाईंचे म्हणून जाते आजही दाखवितात. वारीला गेलात की त्याचे दर्शन घेता. दर्शन घेताना एवढे ध्यानात ठेवा, की त्या जात्यावर दोघांचे हात होते. पैठणास नाथांच्या घरी देव श्रीखंड्या होऊन बारा वर्षे कावडीने पाणी भरीत होता, अशी कथा आहे. आणि नाथांच्याच घरची ती श्राद्धाची गोष्ट! श्राद्धाच्या अन्नाचा दरवळ रस्त्यावर गेला. जे त्या काळी अस्पृश्य मानले जात, असे भुकेले जीव दाराशी थबकले. नाथांनी ते अन्न त्यांना जेवू घातले, आणि ब्राह्मणांसाठी नवा स्वयंपाक झाला. या कथेत नाथांची भूतदया आपण सगळेच गातो. पण त्या दिवशी चूल दुसऱ्यांदा पेटली, पुन्हा पुरण वाटले गेले, ते कुणाच्या हातांनी? गिरिजाबाईंचे मन त्यात नसते, तर ती दया पातेल्याबाहेर आली नसती. नवऱ्याचा परमार्थ बायकोच्या श्रमावर उभा असेल, तर त्या श्रमाला तिची राजीखुशी हवी. गिरिजाबाईंची होती, म्हणून ती कथा आजही गोड लागते.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी केवळ स्वतःपुरते रांधून खाणाऱ्याला दोष दिला आहे. असा मनुष्य पापच खातो, असा त्याचा भाव. आम्ही हे वाचतो आणि मनात येते, की स्वतःपुरते रांधणारा निदान आपले हात तरी भाजून घेतो. जो दुसऱ्याला राबवून स्वतःपुरते खातो आणि वर चवीला नावे ठेवतो, त्याची गणना कशात करावी?

एकादशीचेही थोडे बोलले पाहिजे. वर्षाला चोवीस एकादशा, अधिक मास आला की सव्वीस. हा दिवस अन्न टाकून हरिकथेत घालवायचा. एकादशीने पोटाला विसावा, जिभेला लगाम आणि चुलीलाही थोडी उसंत मिळावी. आणि आपल्या घरी काय होते? साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, बटाट्याची भाजी! एकादशी, दुप्पट खाशी, ही म्हण उगाच पडली नाही. भाजी-भाकरीच्या दिवशी तासभर उभी राहणारी सून एकादशीला दोन तास उभी राहते, आणि रात्री कीर्तनाला जायची ताकद तिच्यात उरत नाही. एकाचा उपवास आणि दुसरीला दुप्पट राबणे, असा हा उपास कुणाच्या खाती जमा होत असेल? नव्या जोडप्याने एकादशी साधी करावी. दूध, फळ, मूठभर शेंगदाणे, फार तर एक पदार्थ. वाचलेला वेळ दोघांनी मिळून भजनात घालवावा. द्वादशीचे पारणेही दोघांनी मिळून रांधावे.

“आईच्या हातची चव” हे प्रकरण मात्र नाजूक आहे. मुलगी सोलापूरकडची असेल तर तिचा हात शेंगदाण्याच्या चटणीला, ज्वारीच्या भाकरीला सरावलेला. मुलगा कोकणातला असेल तर त्याच्या जिभेला भात, कुळथाचे पिठले आणि ओला नारळ. दोघेही आपापल्या आईची चव पोटात घेऊन एका छपराखाली आलेले. यात कुणाची आई जिंकायची? याचे उत्तर आपल्या संप्रदायाने गोपाळकाल्यात देऊन ठेवले आहे. गोकुळातले सवंगडी आपापल्या घरची शिदोरी आणीत. कुणाचे दही, कुणाची भाकर, कुणाचे नुसते लोणचे. कृष्णाने ते सगळे एकत्र कालवले आणि सगळ्यांच्या तोंडी एकच घास घातला. पेंद्याच्या घरचे आंबट म्हणून बाजूला सारले, असे काही घडले नाही. आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात हाच काला होतो, आणि त्याचा एक कण मिळावा म्हणून आपण धडपडतो. तर मग तो कण घरी नेऊन ठेवावा. संसार म्हणजे दोन शिदोऱ्यांचा काला आहे. त्यात सासूच्या हातची आमटी असावी, आईच्या हातची चटणीही असावी, आणि हळूहळू दोन्हींतून तिसरी चव निपजावी. तीच पुढे आपल्या लेकरांना आईच्या हातची चव म्हणून आठवेल.

रांधणाराचेही काही कर्तव्य आहे, ते सांगितल्यावाचून ही बाजू पुरी होत नाही. मग रांधणारी ती असो की तो. राग आला तर तो भांडी आपटून सांगू नये. भांड्यांची भाषा कुणाला कळत नाही, नुसता कानाला त्रास. पाय दुखतात तर पाय दुखतात म्हणावे. आज होत नाही, तर आज होत नाही असे सांगावे. मुगाच्या खिचडीवर देव रुसत नाही. एखाद्या दिवशी दोघेही अगदीच थकले, तर पेलाभर दूध आणि फळाची फोड नैवेद्याला पुरे. गीतेच्या नवव्या अध्यायात देवाने पान, फूल, फळ, पाणी, एवढ्यावर राजी असल्याचे स्वतः सांगितले आहे. शब्द गिळून केलेल्या पंचपक्वान्नांपेक्षा मोकळ्या मनाचे ताक-भाकर बरे. आणि सांगूनही ऐकणारा ऐकत नसेल, तर घरच्या वडीलधाऱ्यांनी, आपल्या फडातल्या जाणत्यांनी त्याला चार शब्द समजावून सांगावेत. त्यात लाज नाही. परस्त्री मातेसमान मानणाऱ्या वारकऱ्याला स्वस्त्रीचे श्रम दिसावेत, ही काही फार मोठी मागणी नव्हे.

आता मूळ शंकेकडे येऊ. रागाने केलेला नैवेद्य देवाला पोचतो का? आम्ही म्हणतो, पोचतो. जिजाईंची भाकरी डोंगरावर पोचली, तसा पोचतो. मुलींनो, ती बोचणी मनातून काढून टाका. देव तुमचा राग पाहून ताट परत सारीत नाही. त्या रागाखाली किती ममतेने तुम्ही उभ्या आहात, हे त्याला कळते.

पण नैवेद्य देवाकडे गेला की प्रसाद होऊन आपल्याकडे यायचा असतो, आणि खरी अडचण तिथे आहे. प्रसाद या शब्दाचा मूळ अर्थ प्रसन्नता. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे, की अशी प्रसन्नता लाभली की दुःखे सरतात. ज्या घरी एकजण चुलीशी कुढतो आणि दुसरा ताटावर कुरकुरतो, तिथे अन्न पोटात जाते. प्रसन्नता उंबऱ्याबाहेर उभी राहते. देवाने आपले काम केले, ताट गोड करून परत दिले. आपणच ते ताट पुन्हा कडू केले. म्हणून ‘नैवेद्य पोचतो का’ ही रांधणारीची शंका मिटली, तरी ‘मला प्रसाद पोचतो का’ ही शंका जेवणाराने स्वतःला विचारायची उरतेच.

उपाय फार अवघड नाही. हरिपाठ दोघांनी एकदमच म्हणावा. देवघरात बसून जमले तर उत्तम. नाही तर स्वयंपाकघरात म्हणावा. एकाने कणीक मळावी, एकाने भाजी चिरावी, आणि एक चरण त्याने, एक चरण तिने, असे चालू द्यावे. सावता महाराजांना मळ्यात देव भेटला, तर ओट्याशी भेटायला त्याला कसली अडचण? ज्याने रांधले त्याला दुसऱ्याने वाढावे. मीठ कमी वाटले तर उठून चिमूटभर घ्यावे आणि दुसऱ्याच्या ताटालाही हवे का, ते विचारावे. पहिल्या घासाबरोबर रांधणाराला एक गोड शब्द द्यावा. जेवण झाल्यावर आपले ताट आपण उचलावे.

आणि एक गोष्ट पंढरपुरातूनच शिकावी. आषाढीच्या यात्रेत देव अहोरात्र भक्तांसाठी उभा असतो; त्याचा पलंगसुद्धा काढून ठेवतात. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. देवाला ऊन पाण्याने न्हाऊ घालतात, आणि रात्री त्याचा शीण जावा म्हणून काढा देतात. अठ्ठावीस युगे उभा असलेल्या देवालाही शीण येतो, हे ज्या संप्रदायाला कळले, त्याच्या घरी दिवसभर उभ्या असलेल्या माणसाचा शीण दिसू नये काय? आज रात्री जेवणे झाली, की ओटा तुम्ही पुसा, आणि जो दमला असेल त्याच्या हातात आल्याचा ऊन काढा द्या. घरातली प्रक्षाळपूजा ती हीच.

रामकृष्णहरि.